दुपारी माना टाकणारी रोपं

११ एप्रिल १९८३. सदाफुलीचे शेंडे खुडणे, वाफे तीन ते सात.

माझ्या कामाच्या वहीत त्या दिवशी एवढीच नोंद आहे. रोप बोटभर उंचीचं झालं की त्याचा मधला शेंडा नखाने खुडायचा. मग ते सरळ वर न जाता बाजूने फुटतं आणि एका दांडीच्या जागी पाच-सहा दांड्या धरतं. नवखी माणसं हे बघून हळहळतात. "अहो, चांगलं वाढतंय, कशाला तोडता?" असं विचारतात. मी पुढचं रोप धरते. दीड महिन्याने फुलं आली की तीच माणसं म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. गुण हाताला नसतो, नखाला असतो.

नाशिकमध्ये मखमलाबाद रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. वडील देवळालीला एका बंगल्यावर माळी होते, त्यांच्याकडून काम शिकले. शेवंती, झेंडू, फ्लॉक्स, पिटुनिया ही रोपं शहरात बरेच जण विकतात. होळी झाली की हे सगळं वाळतं आणि लोक जूनपर्यंत भेगाळलेल्या मातीकडे बघत बसतात. मी धंदा केला तो मधल्या तीन महिन्यांचा. उन्हात फुलणारी झाडं: सदाफुली, गेलार्डिया, झिनिया, बटनफूल आणि ऑफिस टाइम. ऑफिस टाइम म्हणजे जमिनीवर पसरणारं, मांसल पानांचं रोप. त्याची फुलं सकाळी साडेनऊच्या सुमारास, कारकून कचेरीत पोचतात तेव्हा, उघडतात आणि दुपारी मिटतात. ढगाळ दिवशी रजेवर असतात.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची भेटली. लष्करातून निवृत्त झालेले एक कॅप्टनसाहेब दर एप्रिलमध्ये येऊन पॅन्सी मागायचे. मे महिन्यात ती टिकत नाही असं सांगितलं की म्हणायचे, "मी तिला शिस्त लावतो." पाच वर्षं त्यांनी बाहेरून रोपं मागवून शिस्त लावली. सहाव्या वर्षी निमूटपणे झिनिया घेऊन गेले. दिंडोरीचे एक द्राक्षबागाईतदार एकदा झिनियाची रोपं परत घेऊन आले, तीही निळी. त्यांनी द्राक्षांवर मारायचं मोरचुदाचं औषध त्याच जोराने फुलझाडांवर मारलं होतं. "द्राक्षाला सोसतं, ह्याला काय झालं?" असा त्यांचा मलाच सवाल. मी म्हटलं, "तुम्हाला सोसतं का? अंगाला लावून बघा." ते हसले आणि नवी रोपं घेऊन गेले.

उन्हाळी फुलांचं काम अवघड नाही, पण ते मनाविरुद्ध करावं लागतं. वाफ्यातलं रोप गोणपाटाच्या सावलीत लाडात वाढलेलं असतं. ते तसंच उन्हात लावलं तर चार दिवसांत भाजतं. म्हणून लावण्याआधी पंधरा दिवस गोणपाट रोज थोडं जास्त वेळ काढायचं आणि पाणी रोज थोडं कमी करायचं. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. भर दुपारी ही रोपं माना टाकतात. उन्हात पानं पाणी जितक्या वेगाने सोडतात तितक्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून ती पडून घेतात. संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. त्या वेळी पाणी घालायचं नसतं. रोप सकाळी सहाला बघायचं. सकाळीही मान खाली असेल तर मातीत बोट दोन पेरं घालायचं, माती कोरडी लागली तरच झारी उचलायची. सदाफुली तहानेने क्वचित मरते. काळ्या मातीत जास्त पाण्याने मात्र मूळ कुजून हमखास मरते.

हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे. आणि त्र्याऐंशीच्या मेमध्ये मी स्वतः ते पाळलं नाही. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमची वसाहत बौद्ध कुटुंबांची. कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी शाळेत. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून बांधलेलं विहार पूर्ण झालं आणि बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन ठरलं. पौर्णिमा मेच्या शेवटी होती. समितीचे चिटणीस पगारे गुरुजी मला म्हणाले, "इंदूताई, त्या दिवशी दारात बाग फुललेली पाहिजे. पांढरे गुलाब लावा."

"मेमध्ये गुलाब बटनाएवढा येतो आणि दुपारपर्यंत भाजतो, गुरुजी. पांढरी सदाफुली लावते."

दोंदेभाऊ म्हणून एक फिटर समितीत होते. त्यांना गप्प बसवत नसे. ते म्हणाले, "सदाफुली? ती तर गटाराकाठी येते, ताई. पाहुणे काय म्हणतील?"

"गटाराकाठी तिला पाणी कोण घालतं, भाऊ?"

"कोणीच नाही."

"मग तीच लावते."

सगळे हसले. त्या हशाच्या भरात मी एक वाक्य बोलून गेले, "एक जरी रोप मेलं तर मला विचारा." हे बोलायची काही गरज नव्हती.

फाटकापासून विहाराच्या दारापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना वाफे केले. माती काळी होती, म्हणून तिच्यात वाळू आणि मुरूम मिसळून घेतला. एप्रिल संपता संपता रोपं लावली. पाण्याची जबाबदारी मी येसूबाईंना दिली.

येसूबाई माझ्याकडे आठ वर्षं कामाला होत्या. मूळच्या हरसूलकडच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना अहो-जाहो करायची, त्या मला ताई म्हणायच्या. वाचता येत नव्हतं, पण बियाण्याची पुडी नुसती हातावर घेऊन ते गेल्या वर्षीचं की यंदाचं ते सांगायच्या. बोलणं मोजकं. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायच्या, त्यापुढे आपण विचारायचं. त्यांना सांगितलं होतं, दर तिसऱ्या दिवशी सकाळी एकदा झारीने पाणी. विहारामागे त्यासाठी एक पिंप भरून ठेवलेलं असायचं, कारण वसाहतीच्या सार्वजनिक नळाला पाणी सकाळी तासभरच येई.

मेच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मी टेम्पोत रोपं घेऊन त्या रस्त्याने चालले होते. विहारापाशी टेम्पो थांबवला. वाटेच्या दोन्ही बाजूंची रोपं लोळली होती, उजवीकडची जास्त. पानं पिवळट दिसत होती. बाजूला कडुनिंबाखाली वसाहतीतल्या बायका धान्य निवडत बसल्या होत्या. गुरुजी आणि दोंदेभाऊ मांडव कुठे घालायचा ते बघत होते. मला बघताच दोंदेभाऊ मोठ्याने म्हणाले, "ताई, तुमच्या गटाराकाठच्या बाईनं मान टाकली की हो!"

बायका हसल्या. येसूबाई वाफ्यात बसून तण काढत होत्या. मी विचारलं, "पाणी कधी घातलं?"

"नाय घातलं."

"काल?"

"काल नाय. आठ रोजात नाय घातलं."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, ओरडले. "आठ दिवस पाणी नाही? माझं नाव घालवायला बसलीस का इथे? तुला जमत नसेल तर घरी जा."

आठ वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा अगं-तुगं केलं. त्या उठल्या. खुरपं गवताने पुसलं, पायरीवर नीट ठेवलं. "बोट घालून बघा येकदा," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मी बोट घातलं नाही. दोंदेभाऊ बघत होते, बायका बघत होत्या. मी पदर खोचला, झारी घेतली आणि भर दुपारी ते अख्खं पिंप माझ्या हाताने वाफ्यांत रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेले. डावीकडची रोपं कशीबशी उभी होती, तिथे वाळू जास्त पडली होती. उजवीकडची पहाटेच्या गारव्यातही उठली नव्हती. तेव्हा बोट घातलं. चिखल. एक रोप उपटलं, तर मुळं तपकिरी होऊन ओल्या सुतासारखी मातीतच राहिली. कुजका वास आला. हे एका दिवसाचं काम नव्हतं. आधीच कुजायला लागलेल्या मुळांवर मी पिंप ओतलं होतं.

पण आठ दिवस पाणी घातलं नव्हतं, तर ओल आली कुठून?

तेवढ्यात वंदनेला बायका यायला लागल्या; उद्घाटन व्हायचं होतं तरी पायरीवर वंदना रोज व्हायची. पुढे सोनाआजी होत्या, वसाहतीतल्या सगळ्यांत वयस्कर. हातात तांब्या. त्यांनी चप्पल काढली, वाकून एका रोपाच्या बुडाशी पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "पी बाबा. किती तहानलंय लेकरू." मागचीने तिच्या रोपाला, तिच्या मागचीने तिच्या. जिच्या तिच्या हातात तांब्या, लोटा, काही नाही तर स्टीलचा पेला.

मी विचारलं, "रोज घालता?"

"सकाळ-संध्याकाळ," आजी म्हणाल्या. "विहाराची झाडं, उन्हाची कशी तडफडू द्यायची? आमच्या हंड्यातलंच आणतो गं. तुझ्या पिंपाला हात नाही लावत."

नळाला तासभर पाणी येणाऱ्या वसाहतीत घरच्या हंड्यातलं काढून आणलेलं पाणी होतं ते. घरोघरचं, दिवसातून दोन वेळा. दुपारी रोपं माना टाकत, ते बघून संध्याकाळी बायका आणखी एक तांब्या आणत.

येसूबाईंना हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळलं असणार. म्हणून त्यांनी पाणी थांबवलं होतं. बायकांना थांबवायचं त्यांच्या हातात नव्हतं, स्वतःची झारी थांबवायची होती, ती थांबवली. मी विचारल्यावर खरं तेच सांगितलं. मी 'का' विचारायला हवं होतं.

पंचवटीत त्यांची खोली होती, तिला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गावाला गेल्या. मी एसटी धरून हरसूलला गेले. नेमका बाजाराचा दिवस होता. येसूबाई बहिणीच्या शेजारी करवंदांची पाटी घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही, हसल्याही नाहीत.

"करवंदं देऊ?"

"उजवीकडचा अख्खा वाफा गेला," मी म्हणाले. "मुळं कुजली."

"मंग? मी काय सांगत व्हते?"

"माझं चुकलं, येसूबाई."

एका गिऱ्हाइकाला त्यांनी पानाच्या द्रोणात करवंदं भरून दिली, वर चार जास्त टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्ये हितं सांगून काय उपेग, ताई? हितं कोनाला ठावं हाय, तुमी मला काय बोलल्या त्ये?"

बहीण आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग येसूबाईंनीच विचारलं, "डावीकडची हायेत का?"

"आहेत."

"त्यास्नी पानी द्येऊ नगा. उद्याच्याला येते. रोपांसाठी येते, ध्यानात ठेवा."

जाताना द्रोणभर करवंदं माझ्या पिशवीत टाकली. एसटीत ती मी सगळी खाल्ली. लय आंबट होती, असं येसूबाईंच्या भाषेत म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मेलेली रोपं उपटून आम्ही माती उलथली, दोन दिवस उन्हात तापू दिली. नवी सदाफुली लावून पौर्णिमेपर्यंत फुलणं शक्य नव्हतं. माझ्याकडे ऑफिस टाइम भरपूर होतं. त्याची बोटभर काडी मोडायची, दिवसभर सावलीत ठेवून मोडलेलं तोंड सुकू द्यायचं आणि मग वाळूच्या मातीत खोचायची. दोन-अडीच आठवड्यांत फूल येतं. अडचण एकच, माझ्याकडे होतं ते गडद राणी रंगाचं. वाटेच्या डाव्या हाताला पांढरं आणि उजव्या हाताला राणी रंग. दोंदेभाऊ म्हणाले, "ताई, हे लग्नाचं दार की विहाराचं?" मी म्हटलं, "फुललं तर कळेल."

राहिला प्रश्न तांब्यांचा. मी समितीला पाटी लावायला सांगणार होते: झाडांना पाणी घालू नये. येसूबाई म्हणाल्या, "पाटी नगं. पुन्याईचं पानी हाय त्ये. त्याला जागा द्या." त्यांनी कुंभाराकडून एक मोठा रांजण आणवला, फाटकाजवळ कडुनिंबाखाली विटांवर बसवला. संध्याकाळी सोनाआजी तांब्या घेऊन आल्या, तशा येसूबाई पुढे झाल्या.

"आजी, पानी हितं वता. पाटच्याला मी पाजते त्यास्नी."

"का? आमच्या हातचं चालत नाही का त्यांना?"

"चालतं की. पर तान्ह्या लेकराला समद्या आळीतल्या आयांनी येकापाठी येक पाजलं, तर काय व्हईल?"

"हगवण लागेल," आजी म्हणाल्या, आणि तांब्या रांजणात ओतला. मी वीस वर्षं जे मुळं, पानं, ओल असं करून समजावत आले, ते त्या बाईने एका वाक्यात सांगितलं. रांजण रोज भरायचा. रोपांना लागेल तेवढं जायचं, उरलेलं वाटसरू प्यायचे.

पौर्णिमेच्या दिवशी कार्यक्रम सकाळी आठला होता. ऊन चढायच्या आत आटपावं म्हणून. साडेसातला पगारे गुरुजी घामाघूम होऊन माझ्याकडे आले. डावीकडे सदाफुली पांढरी फटक फुलली होती. उजवीकडे नुसता हिरवा गालिचा आणि मिटलेल्या कळ्या.

"ताई, हे कधी उघडणार?"

"साडेनऊला."

"अहो, पाहुणे आठला येणार!"

"मग आठला मिटलेलीच दिसतील. त्यांची वेळ मला बदलता येत नाही."

पाहुणे पावणेदहाला आले. तोपर्यंत उजवीकडचा सगळा वाफा उघडला होता. उन्हात त्या रंगाकडे बघवत नव्हतं, इतका तो पेटला होता. पाहुणे फाटकात थबकले आणि चप्पल काढायच्या आधी वाकून एक फूल बघितलं. दोंदेभाऊ मागून हळूच म्हणाले, "फुलांचं आणि पाहुण्यांचं ऑफिस एकच दिसतंय."

भाषणं झाली. गुरुजींनी माझं नाव पुकारलं. "भर मे महिन्यात एकही रोप मरू न देणाऱ्या आपल्या इंदूताई" असं म्हणाले. शाल दिली, माइक पुढे केला. समोर सगळी वसाहत बसली होती. येसूबाई अगदी मागे, रांजणापाशी उभ्या राहून लोकांना पाणी देत होत्या. हातात पेला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी "आभारी आहे" म्हणाले आणि खाली बसले.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की कार्यक्रमाला उशीर झालाय, ऊन चढलंय, माणसं ताटकळली आहेत. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे, की एक रोप मेलं तर मला विचारा असं मी म्हटलं होतं आणि कोणी विचारलं नव्हतं. उजवीकडची रोपं उपटताना लोकांनी आम्हाला बघितलं होतं, तरी रंग का बदलला हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. लोकांना वाटलं, इंदूताईंनी मुद्दाम शोभेसाठी केलं. मला ते तसंच राहू द्यायचं होतं.

संध्याकाळी मांडव उतरला. येसूबाईंनी रांजण रिकामा करून आतून घासला, उपडा घातला. मी शाल घडी करून हातात धरून उभी होते. त्या "येते ताई" म्हणाल्या, रोजच्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी वसाहतीच्या नळावर गेले. पाणी यायची वेळ होती. हंडे, कळशा, बादल्यांची रांग लागली होती. सोनाआजी होत्या, धान्य निवडणाऱ्या त्या सगळ्या बायका होत्या, दोंदेभाऊ लुंगीवर बादली घेऊन उभे होते. गुरुजी दात घासत दारात. येसूबाई रांजणासाठी कळशी घेऊन रांगेतच होत्या. मी रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"ताई, रांग मागून आहे," दोंदेभाऊ म्हणाले.

"पाण्याला नाही आले. त्या दिवशी दुपारी मी येसूबाईंना तुमच्यासमोर बोलले, ते चूक होतं. पाणी जास्त झालंय हे त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी घातलं नव्हतं. मी न बघता पिंप ओतलं. उजवीकडची सदाफुली माझ्या हाताने मेली. काल फुललं ते त्यांच्यामुळे. आणि हे मी काल माइकवर बोलायला हवं होतं."

नळाचं पाणी एका भरलेल्या हंड्यावरून वाहत होतं, कोणी तो बाजूला ओढला नाही. सोनाआजी येसूबाईंकडे बघत राहिल्या, मग त्यांनी आपली कळशी उचलून मागे ठेवली आणि येसूबाईंची पुढे सरकवली. दोंदेभाऊंनी आपली बादली मागे घेतली.

येसूबाईंनी कळशी भरली. कमरेवर घेतली. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "झालं बोलून? मंग चला. डावीकडचा वाफा कोरडा वाटतोय."

मी त्यांच्या मागे गेले. वाफ्याशी बसले, मातीत बोट दोन पेरं घातलं. कोरडा होता. तेव्हा झारी उचलली.